होळेबागिलूची लाँच

मे महिना लागला की घराघरांत एकच विषय. पोरांना कुठं न्यायचं? गोवा नेहमीचाच. आंबोली चार वेळा झालेली. आमच्या घरात हा प्रश्न वन्संमुळं सुटतो. त्यांचं सासर सागरचं. हुबळी, शिरसी, सिद्धापूर करत गाडी मलनाडात शिरली की उन्हाचा तडाखाही कमी वाटतो. तिथं भाच्यांशी बोलताना आमची पोरं मराठीतून कन्नडात कधी जातात आणि परत कधी येतात, त्यांचं त्यांनाही कळत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही असेच सागरला होतो. एका रात्री जेवताना वन्संनी बेत काढला, “उद्या सिगंदूरला जाऊया. पोरांना लाँच दाखवू.” सकाळी निघायचं, शरावतीच्या हिन्नीरातून पलीकडं जायचं, चौडेश्वरीचं दर्शन घ्यायचं, तिथंच प्रसादाचं जेवण आणि दिवस मावळायच्या आत परत. डबा नको म्हणता म्हणता चपात्या झाल्याच, आणि त्यांच्यासोबत अप्पेमिडीचं लोणचं. सागरच्या घरातून त्या कोवळ्या कैऱ्यांच्या लोणच्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही.

अलीकडच्या धक्क्याचं नाव होळेबागिलू. होळे म्हणजे नदी, बागिलु म्हणजे दार. नदीचं दार! किती साधं आणि नेमकं नाव. त्या दाराशी गाड्यांची ही रांग लागलेली. नंबर लागेपर्यंत पोरांनी काठावरच्या लाल मातीत यथेच्छ लोळून घेतलं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, काठ उघडे पडतात आणि मधूनमधून वाळक्या झाडांचे बुंधे पाण्यातून डोकं वर काढतात. शेवटी लाँच आली. सपाट, रुंद, लोखंडी. मधोमध बस आणि मोटारी, कडेनं स्कूटर, पोती, पिशव्या आणि माणसं. इंजिन धडधडलं, वारा सुटला आणि पोरं कठड्याला लोंबकळू लागली.

“किती मज्जा!” धाकटी ओरडली. शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक अज्जी बसल्या होत्या. तुमरीकडच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “निमगे मजा, नमगे कायोदु.”

तुम्हांला मजा, आम्हांला वाट बघणं. बोलण्यात कडवटपणा नव्हता. मग त्याच सांगू लागल्या. दवाखाना सागरला, मोठा बाजार सागरला, पोरांचं कॉलेज सागरला. संध्याकाळची शेवटची लाँच गेली की दार बंद. रात्री कुणाच्या छातीत दुखलं, कुणी बाळंतपणाला अडली, तर घाटातल्या रस्त्यानं मोठा वळसा. पलीकडं मुलगी द्यायलाही लोक दोनदा विचार करायचे, म्हणाल्या. तोवर धक्का आला. अज्जी पिशवी सावरत उतरल्या आणि बसमध्ये जाऊन बसल्या. आम्ही फोटो काढत मागं राहिलो.

हे पाणी मुळात तिथलं नव्हेच. शरावती तिथून वाहत होती, पण नदीसारखी. १९४८ च्या सुमारास जोगच्या वीज प्रकल्पासाठी मडेनूरला हिरेभास्कर धरण झालं. मग खाली लिंगनमक्कीचं मोठं धरण १९६४ मध्ये उभं राहिलं आणि त्याच्या पाण्यात ते जुनं धरणसुद्धा बुडालं! पाऊस कमी झालेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी ते वर दिसतं म्हणून लोक बघायला जातात. धरणाबरोबर गावं गेली, भातशेती गेली, सुपारीचे बाग गेले. कित्येक कुटुंबं उठून दुसरीकडं गेली. जी मागं राहिली, त्यांच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला सह्याद्री. पुढं पुष्कळ वर्षं राज्याच्या विजेचा मोठा भार याच नदीनं उचलला.

कन्नडात अशा बुडालेल्या मुलखाला ‘मुळुगडे’ म्हणतात. आपण मराठीत ‘बुडीत’ म्हणतो. दोन्ही शब्द आपल्या घरात सहज फिरतात, कारण आपल्याकडंही हिडकल आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं आणि आपण डबे घेऊन बघायला जातो. देऊळ दिसतं, त्याच्या भोवतीचं गाव दिसत नाही.

हे गाव दाखवलं ते सागरच्याच एका लेखकानं. ना. डिसोझा. घरची भाषा कोंकणी, लेखन कन्नड, आणि बरीच वर्षं नोकरी सरकारी बांधकाम खात्यात, शरावतीच्याच प्रकल्पावर. ‘मुळुगडे’ आणि ‘द्वीप’ या त्यांच्या कादंबऱ्या या पाण्यातूनच आल्या. ‘द्वीप’वर गिरीश कासरवळ्ळींनी काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. पाणी चढत असताना घर न सोडणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट. सौंदर्याचं काम डोळ्यांसमोरून हलत नाही. डिसोझा जानेवारी २०२५ मध्ये गेले.

आम्ही लाँचवर होतो तेव्हा पाण्यात पुलाचे खांब उभे राहत होते. पोरांना ते मध्येमध्ये येणारे राक्षस वाटले. १४ जुलै २०२५ ला त्या पुलाचं उद्घाटन झालं. जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, तारांनी तोललेला. धरणानंतर साठ वर्षांनी होळेबागिलूचं दार रात्रीही उघडं राहू लागलं.

ही बातमी आली तेव्हा सहलीला जाऊन आलेल्या पुष्कळांना हळहळ वाटली. “आता ती मजा नाही,” असं आमच्याही घरात कुणीतरी म्हणालं. लाँचवरचा वारा, ते धडधडणारं इंजिन, बसच्या टपावरून दिसणारं निळं पाणी, हे मलाही आठवतं. पण ती सावकाशी आम्ही एका दिवसापुरती घेतली होती. तुमरीकरांना ती जन्मभर मिळाली होती, न मागता. रात्री साडेअकराला आजारी माणसाला घेऊन निघालेल्या घराला पुलाची किंमत विचारा.

सावकाश जायचं असेल तर पुलानं कुणाला अडवलेलं नाही. सिगंदूरला जाल तेव्हा एका दमात पूल ओलांडू नका. अलीकडं जुन्या धक्क्यापाशी गाडी थांबवा. वाटेत इक्केरीचं अघोरेश्वर बघा. जवळच केळदी आहे. १६८९ मध्ये जिंजीकडं निघालेल्या राजाराम महाराजांना राणी चेन्नम्मांनी आसरा दिला तो त्याच राज्यात. आपल्या दोन भाषांचं नातं किती जुनं आहे, हे पोरांना तिथं उभं करून सांगता येतं. मग पाण्याकडं बोट दाखवून खाली काय आहे तेही सांगा. ‘मुळुगडे’ आणि ‘बुडीत’ हे दोन्ही शब्द त्यांना कळतात. त्यांचा अर्थ मात्र आपणच सांगायला हवा.