विंडोची जागा कोणी लक्षात ठेवायची?

संगणक रिस्टार्ट केला की विंडो जागच्या हलतात. डाव्या स्क्रीनवरचे टॅली उजवीकडे येते, शेजारी लावलेली एक्सेलची शीट स्क्रीनभर पसरते. सगळे परत लावायला दोन मिनिटे लागतात, म्हणून ही तक्रार किरकोळ समजली जाते. ती किरकोळ नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर कोणता डबा कुठे हे ठरलेले असते, म्हणून हात न बघता तिकडे जातो. स्क्रीनवरची मांडणीही तशीच सवयीने बसत जाते. ते वापरणाऱ्याने केलेले काम आहे. फाइल जपावी तसे ते जपले पाहिजे, आणि ही जबाबदारी एकेका ॲपवर न सोडता ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायला हवी.

आज विंडोजमध्ये ती मुख्यतः ॲपवरच आहे. बंद होताना ॲपने विंडोची जागा नोंदवायची आणि उघडताना तीच मागायची. त्यासाठीची सोय तीस वर्षांहून जुनी आहे, पण सक्ती नाही. काही ॲप नोंद ठेवतच नाहीत. काही फक्त नीट बंद केल्यावर ठेवतात, त्यामुळे रिस्टार्टने मध्येच बंद पाडले की शेवटची जागा हरवते. काही नुसते आकडे जपतात, आणि खरा घोळ इथे होतो. मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा शून्य धरला जातो. डावीकडे दुसरा मॉनिटर असेल तर तिथल्या जागांचे आकडे उणे होतात. तो मॉनिटर काढून टाकला आणि ॲपने जुनाच आकडा वापरला, तर विंडो अदृश्य जागी उघडते: टास्कबारवर दिसते, स्क्रीनवर नाही. अशा वेळी टास्कबारवरून ती निवडून ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग कोणतीही बाणाची कळ दाबून माउस हलवला की ती हाती लागते. युक्ती उपयोगी आहे, पण साध्या वापरणाऱ्याला ती शिकावी लागणे हा रचनेचाच दोष आहे.

सिस्टिमने मनावर घेतले तर काय होते, याचा दाखला आहे. डिस्प्लेपोर्टने जोडलेले काही मॉनिटर झोपी गेले की संगणकाला ते काढून टाकल्यासारखे वाटत आणि सगळ्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर गोळा होत. केबल आणि ड्रायव्हर बदलून लोक थकले. 2021 साली आलेल्या विंडोज 11 ने मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचे सेटिंग दिले. ॲपना हात न लावता त्रास कमी झाला. ॲपलने तर 2011 मध्येच, मॅकच्या लायन आवृत्तीत, रिस्टार्टनंतर विंडो पुन्हा उघडण्याची चौकट सिस्टिममध्ये घालून दिली.

यावर गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. लिनक्सवरच्या वेलँड या विंडो दाखवण्याच्या व्यवस्थेत ॲपला स्वतःची जागा कळत नाही आणि ठरवताही येत नाही. हे मुद्दाम केले आहे, कारण एखाद्या ॲपने दुसऱ्यावर खोटी पासवर्डची चौकट आणून ठेवू नये. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. स्क्रीन रंगवणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक विंडोची जागा ठाऊकच असते. ॲपला न सांगता त्याने ती परत बसवावी. तसा प्रस्ताव अनेक वर्षे नुसता चर्चेत राहिला आणि दरम्यान लोकांना वेलँडवर नेले गेले. हा क्रम चुकला. दुसरा आक्षेप असा की लॅपटॉप कचेरीतून घरी आला की स्क्रीनच बदलते, मग जुनी जागा काय कामाची? तर प्रत्येक जोडणीची मांडणी वेगळी जपावी. वरचे सेटिंग नेमके हेच करते.

तोवर ॲप बनवणाऱ्यांनी विंडो हलताक्षणी जागा नोंदवावी आणि उघडताना ती चालू स्क्रीनवर आहे ना हे तपासावे. वाचकांनी विंडोज 11 मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे जाऊन ते सेटिंग चालू आहे का पाहावे, आणि तरीही जे ॲप जागा विसरते त्याच्या निर्मात्याला तसे लिहून कळवावे.