बालाघाट सायकलस्वारांच्या यादीत का नाही?

पावसाळा सरला की डोंगरी सायकल चालवणारी मंडळी सुट्ट्यांचा हिशेब मांडू लागतात. बेत हिमाचलचे होतात, फार तर सह्याद्रीचे. येडशी-रामलिंगचा घाट आणि धाराशिव लेण्यांकडचे मुरमाड उतार जिल्ह्यात असूनही बालाघाटाचे नाव क्वचितच निघते.

प्रवासामागे दोन बळे असतात, अशी मांडणी ग्रॅहम डॅन यांनी 1977 मध्ये केली: घरातून ढकलणारे आणि ठिकाणाकडे ओढणारे. ढकलणारे सगळीकडे सारखेच. कामाचा शीण, मित्रांची संगत, अंगातली रग. ठिकाण ठरते ते ओढीवर, आणि तिथे नुसता देखावा पुरत नाही. आव्हान कौशल्याच्या तोडीचे असेल तरच माणूस तल्लीन होतो, असे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय सांगत. सोप्या वाटेचा कंटाळा येतो, अवघड वाटेची धास्ती बसते. म्हणून वाट किती अवघड आहे हे स्वाराला निघण्यापूर्वीच कळावे लागते. स्कॉटलंडमध्ये सायकलच्या जंगलवाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग दिले आहेत ते याचसाठी. तुळजापूरला पायी येणारा भक्त वाटेची प्रतवारी विचारत नाही, कारण त्याचे ठिकाण ठरलेले असते. सायकलस्वाराला शंभर डोंगर मोकळे असतात.

आपल्याकडे अशी माहितीच नाही. काळ्या रानात पावसानंतर चाक चिखलाने जाम होते, बाभळीचा काटा ट्यूबला सोडत नाही, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हे लपवण्यासारखे नाही, नकाशावर लिहिण्यासारखे आहे. या खेळात मनगट आणि कॉलरबोन मोडणे नेहमीचे. डोक्याला मार लागला तर वेळ फार थोडा असतो. मोबाइलची रेंज कुठे जाते आणि 108 ची रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते, हेही वाटेवर लिहिलेले हवे. रामलिंगघाट अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालूच नये.

सुरुवात एकाच वाटेने व्हावी, अभयारण्याबाहेरच्या. जिल्हा क्रीडा कार्यालय, वनखाते आणि गावात रोज सायकल मारणारे डॉक्टर-शिक्षक यांनी मिळून दहा किलोमीटर मोजावेत, चढ-उतार नोंदवावेत. फलक मराठीत असावेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतील तेव्हा येतील; जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी 60 मिनिटांची हालचाल सांगते, आणि शाळेला सायकलवर जाणारी येडशीची मुले त्या वाटेवर पहिल्याच दिवशी उतरतील.