जुन्या औषधांची नवी विद्या कोणाच्या मालकीची?

उमेळ्यातील आमच्या आळीत राहणारी एक मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील नायगाव स्टेशनवर रिक्षा चालवतात, आई फुलांच्या वाडीत मजुरीला जाते. गेल्या महिन्यात ती एक प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. तिच्या मावशीला तोंडाचा कर्करोग झाला. परळच्या टाटा रुग्णालयातून मावशीच्या हाती ज्या गोळ्या पडल्या, त्यांतली एक गोळी शेजारच्या आजी संधिवातासाठी कित्येक वर्षे घेत होत्या. 'सर, एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगावर चालते, हे शोधून काढण्याचे शास्त्र आहे म्हणतात. ते शिकायचे कोठे?' महाविद्यालयात विचारले, तर हा विषय अभ्यासक्रमात नाही असे उत्तर मिळाले. एका खासगी क्लासचे प्रमाणपत्र मिळत होते, पण त्याची फी तिच्या वडिलांच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती.

मी अर्थशास्त्र शिकवीत आलो, औषधशास्त्र नव्हे. परंतु तिच्या प्रश्नाचा माग काढू लागलो, तेव्हा हा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचाच आहे, अशी माझी खात्री झाली. या शास्त्राला इंग्रजीत 'ड्रग रिपर्पझिंग' म्हणतात. नवे औषध घडविण्याऐवजी, ज्याचे गुणदोष माणसाच्या शरीरावर वर्षानुवर्षे तपासले गेले आहेत अशा जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधणे, हा त्याचा अर्थ. औषध जुने, बहुधा पेटंट संपलेले, म्हणून स्वस्त. गरीब देशाला याहून उपकारक विद्या कोणती असू शकेल? आणि नेमकी हीच विद्या गरिबाच्या मुलीला कोणी शिकवीत नाही, हा योगायोग आहे काय?

गिरणगावाचे ऋण

त्या गोळीचे नाव मेथोट्रेक्सेट. तिची वंशावळ मुंबईतूनच सुरू होते, हे किती जणांना ठाऊक आहे? १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातला अज्ञात घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. ते कृत्रिम रीतीने बनविण्याचे काम अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. या जीवनसत्त्वाला रोखणारी द्रव्ये तयार झाली आणि १९४८ साली सिडनी फार्बर यांनी त्यांतील एका द्रव्याने मुलांचा रक्ताचा कर्करोग तात्पुरता का होईना, आटोक्यात येतो हे दाखविले. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले. पुढे ते संधिवाताचे औषध झाले.

तेच औषध टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पुन्हा हाती घेतले. डोके व मान यांच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगात, जेथे बरे होण्याची आशा मावळलेली असते, तेथे मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत आणि सोबत सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळी देऊन त्यांनी ४२२ रुग्णांवर चाचणी केली. तुलना होती शिरेतून द्यावयाच्या सिसप्लॅटिनशी. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यगत आयुर्मान साडेसात महिने, सिसप्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने. तीव्र दुष्परिणाम १९ टक्क्यांना, दुसरीकडे ३० टक्क्यांना. फरक दीड महिन्याचाच, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या बाईला नायगावहून लोकल पकडून दादरला उतरावे लागते आणि जिच्याबरोबर जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तिला सलाईनऐवजी घरी गोळी मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

दुसरे उदाहरण याहून ठसठशीत आहे. दात काढताना हिरडी बधिर करणारे लिडोकेन १९४० च्या दशकापासून वापरात आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे ते गाठीभोवती टोचून पाहिले. देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण लिडोकेन मिळालेल्यांत ९०.१ टक्के, न मिळालेल्यांत ८६.४ टक्के आढळले. याचा खर्च माणशी शंभर रुपयांच्या आसपास. पैसा कोणाचा? टाटा स्मारक केंद्र अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत येते. पैसा जनतेचा, शरीरे जनतेची, बुद्धीही जनतेच्याच संस्थेतली.

बाजाराला हे का नको?

एखाद्या कंपनीने हे काम का केले नाही? कारण शंभर रुपयांच्या इंजेक्शनात नफा नाही. संशोधनातून निर्माण होणारे ज्ञान एकदा प्रकट झाले की सर्वांचे होते, म्हणून बाजार त्यात पुरेसा पैसा घालीत नाही, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच दाखवून दिले. ॲरो काही मार्क्सवादी नव्हते! जुन्या औषधाच्या बाबतीत हे सत्य दुपटीने लागू पडते.

एफ्लॉर्निथिनची कथा येथे सांगितलीच पाहिजे. कर्करोगासाठी बनविलेले हे औषध आफ्रिकेतील निद्रारोगावर इतके गुणकारी ठरले की बेशुद्धीतले रुग्ण उठून बसू लागले. परंतु हे रुग्ण निर्धन होते. १९९० च्या दशकात कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले. मग २००० साली तेच द्रव्य अमेरिकेच्या बाजारात परत आले, बायकांच्या चेहऱ्यावरचे केस कमी करणारे मलम म्हणून! जगभरातील डॉक्टरांनी ओरड केल्यावर, २००१ साली, ते निद्रारोग्यांना पुन्हा मिळू लागले. जुन्या औषधाचा नवा उपयोग बाजारही शोधतो, फक्त त्याची नजर रोगाकडे नसते, खिशाकडे असते.

यावर आमचे उदारमतवादी मित्र एक ठराविक आक्षेप घेतात. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) अन्वये ज्ञात द्रव्याचा केवळ नवा उपयोग शोधल्याने पेटंट मिळत नाही. म्हणून, ते म्हणतात, येथे कोणी या शोधांच्या मागे लागत नाही. कलम शिथिल करा, संशोधन फुलेल. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. मक्तेदारी नाही तर कंपनीला प्रेरणा नाही, एवढा त्याचा भाग खराही आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष साफ खोटा आहे. शंभर रुपयांच्या औषधाला मक्तेदारी बहाल केली, तर ते शंभर रुपयांचे राहील काय? थॅलिडोमाइडचे काय झाले ते पाहा. १९६१ साली अर्भकांतील व्यंगांमुळे बाजारातून काढलेले हे औषध कुष्ठरोगातील एका यातनामय प्रतिक्रियेवर उपयोगी पडते, हे १९६४ साली जेरुसलेममधील एका डॉक्टरने दाखविले. पुढे ते अस्थिमज्जेच्या कर्करोगावर चालते असे आढळले आणि अमेरिकेत एकाच कंपनीच्या हाती असलेल्या या जुन्यापुराण्या गोळीची किंमत कित्येक पटींनी चढली. म्हणजे प्रेरणा कंपनीला आणि तिचे बिल रुग्णाला.

१९७० च्या कायद्यातील हे तत्त्व २००५ च्या दुरुस्तीतही टिकविण्यात आले. त्यासाठी डाव्या व समाजवादी चळवळीने झगडा दिला. परंतु आमचीही एक चूक झाली. आम्ही मक्तेदारीचे दार बंद केले आणि सार्वजनिक संशोधनाचे दार उघडण्याचा आग्रह तेवढ्याच जोराने धरला नाही. १९५४ साली उभी राहिलेली पिंपरीची हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स आपल्या डोळ्यांदेखत खंगत गेली. २०१६ साली केंद्र सरकारने तिच्या जमिनी विकण्याचा निर्णय घेतला. आम्ही निषेधाचे ठराव केले आणि घरी गेलो.

अर्धवट विद्येचा धोका

शिक्षण नसले की काय होते, हे करोनाच्या साथीने दाखविले. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून द्यावे, असा सल्ला आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने पुरेशा पुराव्याविना दिला. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन वाटण्याची घोषणा केली. त्याआधीच मार्चअखेर जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध चाचणीबाहेर वापरू नये, असे सांगितले होते. याउलट ब्रिटनमध्ये सार्वजनिक पैशाने, सरकारी रुग्णालयांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी करून 'रिकव्हरी' चाचणी झाली. जून २०२० मध्ये तिने दोन गोष्टी निकालात काढल्या. रुग्णालयात दाखल झालेल्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नाही आणि डेक्सामेथासोन या १९५० च्या दशकातील स्टेरॉइडने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. दोन्ही औषधे जुनी, दोन्ही स्वस्त. फरक औषधांत नव्हता, तपासण्याच्या शिस्तीत होता.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले की, शिकायचे ते हे. औषध शरीरात काय करते, हे पहिले. चाचणी कशी बेततात आणि तुलनेचा गट का लागतो, हे दुसरे. माहितीच्या साठ्यांतून शक्यता कशी हुडकायची, हे तिसरे. आणि संगणकाने सुचविलेले नाव ही केवळ शक्यता असते, औषध नव्हे, हे चौथे व सर्वांत महत्त्वाचे. ज्यांना इंग्रजी येते आणि वाट दाखविणारा आहे, त्यांना साधने उपलब्ध आहेत. युरोपातील सार्वजनिक संस्थेचा 'चेंबल' हा औषधी द्रव्यांचा माहितीसाठा आणि तो वापरण्याचे शिक्षण विनामूल्य आहे. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटने हजारो जुन्या औषधांची यादी खुली ठेवली आहे. भारतात चाललेल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून कोणालाही पाहता येते. टाटा स्मारक केंद्र २०१५ पासून 'क्रेडो' ही संशोधनपद्धतीची कार्यशाळा घेते. परंतु ती कर्करोगतज्ज्ञांसाठी आहे, वसईच्या पदवीच्या विद्यार्थिनीसाठी नव्हे.

विद्यार्थ्यांना अशा कामात सामावून घेता येते, हेही या देशात सिद्ध झाले आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ साली क्षयरोगाच्या औषधांसाठी खुल्या संशोधनाचा प्रकल्प काढला, तेव्हा देशभरच्या महाविद्यालयांतील शेकडो मुलामुलींनी क्षयजंतूच्या जनुकांची माहिती तपासून लावली. पुढे सरकारी पाठबळ आटले आणि ती लाट ओसरली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा व्हावा. हाफकिन, के. ई. एम. आणि टाटा या मुंबईतील सार्वजनिक संस्थांनी पालघर, रायगड, नाशिक येथील विद्यार्थ्यांसाठी विनाशुल्क वर्ग चालवावेत. पेटंट संपलेल्या औषधांच्या चाचण्यांसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद व्हावी. आणि मराठीत पाठ्यपुस्तक निघावे. माझ्या पिढीने विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाच्या मराठी पुस्तकांतून अर्थशास्त्र वाचले, तेव्हा विषयाचा दर्जा काही खालावला नाही.

हे तज्ज्ञांचे काम, आपले नव्हे, असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांना मी वसईचीच आठवण देतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि बिल्डरांसाठी खुली झालेली हिरवी जमीन यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली येथील माणसे उभी राहिली. शेतकरी, कोळी, शाळामास्तर भूजलाची आणि विकास आराखड्याची भाषा शिकले, कारण विहिरी त्यांच्या होत्या. औषधांच्या बाबतीतही लोकविज्ञान संघटनेसारख्या चळवळींनी १९८० पासून ही वाट मराठीत चोखाळली आहे. शरीरेही आपलीच आहेत.

ती मुलगी आता दर रविवारी दुपारी येते. एक चाचणी-अहवाल आम्ही दोघे शब्दकोश घेऊन वाचतो. गेल्या खेपेला तिच्या वर्गातल्या आणखी दोघी आल्या होत्या. पण निवृत्त मास्तरांच्या ओटीवर चालणारा वर्ग ही सरकारच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. गिरणीतल्या बाईच्या रक्तातून ज्या विद्येचा उगम झाला, ती विद्या रिक्षावाल्याच्या मुलीला फी भरून विकत घ्यावी लागत असेल, तर ही लाज तिची नाही, आपली आहे.