मुलांची मोजणी जानेवारीत करा

मा. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य



आपण मालेगावचे, त्यामुळे या पत्रातली गावं आपल्याला नकाशात शोधावी लागणार नाहीत. २०१९ ते २०२२ आपण राज्याचे कृषिमंत्री होतात, सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिकचे पालकमंत्री झालात आणि डिसेंबर २०२४ पासून शालेय शिक्षण खातं आपल्याकडे आहे. ज्या मुलांविषयी लिहितो आहे, त्यांचा या तिन्ही जबाबदाऱ्यांशी संबंध आहे. त्यांचे आईबाप द्राक्षबागेत राबतात, त्यांची गावं आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्यांची नावं आपल्या खात्याच्या हजेरीपटावर आहेत. मुलं मात्र शाळेत नाहीत.

आपण पालकमंत्री झालात त्याच महिन्यात इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरच्या एका दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. कातकऱ्यांची लहान लहान मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला ठेवलेली होती. मोबदला काय, तर थोडेफार रुपये आणि कुठे एखादी मेंढी. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं, गुन्हे दाखल झाले, मुलं परत आणली गेली. पुढच्याच महिन्यात त्याच तालुक्यात, भाम धरणाने उठवलेल्या दरेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा बंद झाली. तिथली मुलं दप्तरं घेऊन, बकऱ्या हाकत नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' अशी त्यांची घोषणा होती. शाळा पुन्हा सुरू करावी लागली.

या दोन घटना मला वेगळ्या काढता येत नाहीत. शाळा गेली की आपल्या वाट्याला गुरं राखणंच येणार, हे दरेवाडीच्या मुलांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजूबाजूला ते घडताना ती पाहत होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शाळाबाह्य मुलं शोधायच्या मोहिमा आपल्याकडे पुष्कळ झाल्या. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात सर्वेक्षण झालं, मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. २०२२ ची 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' मोहीम जुलैत झाली, २०२३ ची ऑगस्टमध्ये. शाळा जूनमध्ये सुरू होतात म्हणून कार्यालयाच्या दृष्टीने हे महिने सोयीचे. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात जुलै म्हणजे आवणीचा, भातलावणीचा महिना. सगळं कुटुंब गावात, भात-नागलीच्या खाचरात असतं. घराला कुलूप नसतं. सर्वेक्षणाला गेलेल्या शिक्षकाला मूल दारात सापडतं, पटावर नाव असतं आणि 'शाळाबाह्य' या रकान्यात शून्य भरलं जातं. शिक्षक खोटं लिहीत नाही. त्या दिवशी ते खरंच असतं.

भात कापून, झोडून झालं की हीच गावं रिकामी होऊ लागतात. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर जा आणि घर बंद का असं विचारा. म्हातारी माणसं एवढंच सांगतात, 'जगायला गेलेत.' दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यातल्या द्राक्षबागांत विरळणी, डिपिंग, मग काढणी, असं हे काम मार्च-एप्रिलपर्यंत पुरतं. काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात, काही बांधकामावर. नांदगाव-चांदवडच्या कोरडवाहू पट्ट्यातली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मुलांची परीक्षा जवळ आली म्हणून कुणी थांबू शकत नाही. सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरायचं, हा आपल्याच खात्याचा निकष आहे. तो लावायचा महिना मात्र चुकतो आहे.

थंडीत सकाळी गिरणाऱ्याला मजुरांचा बाजार भरतो तो आपण पाहिला असेल. पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या बाजूने आलेली माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असतात. बागायतदार पिकअप घेऊन येतात, रोज ठरतो आणि गाडी भरून निघते. त्या गाडीत मुलंही चढतात. सगळीच कामाला जात नाहीत. काहींना घरी ठेवायला कुणी नसतं म्हणून आणलेलं असतं.

दिंडोरीच्या बाजूला एका बागेत मी अशाच एका टोळीशी बोलत होतो. टोळीने एकरी दराने विरळणीचं काम घेतलं होतं. मांडवाखाली बायका मान वर करून, हातात छोटी कात्री घेऊन घडातले मणी कमी करत होत्या. बांधावर पत्र्याची शेड, तिच्या आडव्या वाशाला लुगड्याची झोळी आणि झोळीला दोरी. दोरीचं दुसरं टोक नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं. पाय हलवला की झोळी हलायची. हात मोकळे होते, त्या हातांनी ती लसूण सोलत होती. शाळेत जातेस का, विचारलं तर म्हणाली, 'जाते ना, चौथीला.' कुठे? तिने पेठ तालुक्यातल्या गावाचं नाव सांगितलं. परत कधी जाणार? 'होळीला.' त्या बागेपासून जिल्हा परिषदेची शाळा चालत पंधरा मिनिटांवर होती.

ती मुलगी त्या शाळेत का गेली नाही, याचं उत्तर एका वाक्यात मिळत नाही. तिचं नाव गावच्या पटावर आहे. ते तिथून काढलं तर गावच्या शाळेचा पट घसरतो आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षकाच्या पदावर गदा येते, म्हणून गावचे गुरुजी नाव काढत नाहीत. इथले मुख्याध्यापक म्हणतात, पटावर नाव नाही, मग हजेरी कुठे लावू आणि पोषण आहार कुठल्या हिशेबात दाखवू? गावच्या शाळेतून घेऊन निघायचा शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद याच अडचणीसाठी काढलेला आहे, पण तो घेऊन येणारे पालक विरळाच. पहाटे बोचकं बांधून निघणाऱ्या बाईने शाळा उघडायची वाट पाहावी, सहीशिक्का घ्यावा आणि हंगामभर झोपडीत तो कागद जपावा, अशी ही अपेक्षा आहे. आणि हे सगळं जमलं तरी झोळीतलं पोर राहतंच. मोठी बहीण शाळेत गेली तर त्याला कोण सांभाळणार? बागेजवळ अंगणवाडी किंवा पाळणाघर नसेल तर या मुलींना शाळेची दारं उघडी ठेवून काही उपयोग नाही. स्थलांतरावरच्या चर्चेत ही गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते आणि माझ्या मते मुलींची शाळा सुटण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे.

आपण कृषिमंत्री होतात म्हणून आणखी एक सांगतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची, 'ग्रेपनेट' प्रणाली आहे. बागेची प्लॉटनिहाय नोंदणी होते, औषधांच्या अंशाची तपासणी होते आणि युरोपात पोहोचलेली पेटी कुठल्या प्लॉटमधून निघाली ते मागे शोधत येता येतं. ही व्यवस्था शेतकऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी मिळून उभी केली, तिचा मला अभिमान आहे. बागेची नोंद असेल तर बागेवर उतरलेल्या टोळीची आणि तिच्यातल्या मुलांची नोंद ठेवणं अशक्य नाही. द्राक्ष बागायतदार संघाला विश्वासात घ्या. 'माझ्या शेडवर अमुक मुलं आहेत' एवढं बागायतदाराने जवळच्या शाळेला कळवायचं. त्यात त्याच्यावर कारवाईची भीती नको, नाहीतर मुलं लपवली जातील.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही.

माझी पहिली विनंती: शाळाबाह्य मुलांची मोजणी जानेवारीत करा. ती गावात करू नका, बागेत, भट्टीवर, उसाच्या फडात आणि गिरणाऱ्याच्या नाक्यावर करा. दुसरी अशी की, नोव्हेंबर ते एप्रिल कुठल्याही मुलाला कुठल्याही शाळेत कागदाशिवाय बसू द्या, जेवू द्या. पट मूळ गावीच राहू दे, हजेरी मात्र दोन्हीकडे धरा, म्हणजे गावच्या शाळेचं पद जाणार नाही आणि इथल्या मुख्याध्यापकालाही ओझं वाटणार नाही. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मुलांबरोबर त्यांचे शिक्षकही पाठवा. हंगामात पेठ-सुरगाण्याच्या शाळांमध्ये वर्ग अर्धेमुर्धे रिकामे असतात. जिथे एकाहून अधिक शिक्षक आहेत तिथल्या एकाची त्या हंगामापुरती दिंडोरी-निफाडला नेमणूक करा, प्रवासभत्ता आणि राहायची सोय द्या. त्या गुरुजींना मुलं ओळखतात, त्यांची कोकणा बोली गुरुजींना कळते.

बोलीचं मुद्दाम लिहिलं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर राज्य ढवळून निघालं. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय २९ जूनला मागे घेतले गेले. ते बरंच झालं. पण त्या सगळ्या वादात, घरी कोकणा किंवा कातकरी बोलणाऱ्या आणि पाठ्यपुस्तकातली मराठी शाळेतच पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाचा विचार फार थोड्यांनी केला. अनोळखी गावात, अनोळखी वर्गात ते मूल दुसऱ्या दिवशी का येत नाही, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मुलांमागे शाळा नेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. घाट उतरला की पलीकडे, बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरं चरायची तिथेच शिकवायचं. ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालवल्या. आपल्याच जिल्ह्यात दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ स्थापन करून पेठ-सुरगाण्याच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहं उभी केली. तेव्हा तिकडे जायला धड रस्ताही नव्हता.

आणि आजही त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषद शाळा आहे. केशव गावित गुरुजींनी ती वर्षाचे ३६५ दिवस चालवून दाखवली. दोन्ही हातांनी लिहिणारी तिथली मुलं पाहायला दुरून माणसं येतात. हिवाळीचं कौतुक मीही करतो. फक्त एक सांगावंसं वाटतं: एका शिक्षकाने स्वतःचं सगळं आयुष्य ओतल्यावर जे घडतं, ते धोरण म्हणून इतरांकडून मागता येत नाही. आठ तासांची नोकरी प्रामाणिकपणे करणाऱ्या साध्या शिक्षकालाही चांगली शाळा चालवता आली पाहिजे. त्यासाठी पद भरलेलं हवं, छप्पर गळकं नको आणि अशैक्षणिक कामांचा भार कमी हवा.

आता छोट्या शाळांबद्दल. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर होत्या. त्याच वर्षी अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला तेव्हा तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं देण्यात आली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेला तर तिथे शिक्षकाचं पदच राहत नाही. मैदानी गावात याचा अर्थ दुसऱ्या शाळेपर्यंत सायकलवर तीन किलोमीटर. सुरगाण्यात मधे ओहोळ असतो. पावसाळ्यात तो भरला की नकाशावरचं अंतर निरुपयोगी ठरतं आणि सातवीतली मुलगी घरी बसते. घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हटलं, तेव्हा रस्ते आणि दवाखान्याबरोबर शाळेचीही तक्रार होती. त्या वेळी आपणच पालकमंत्री होतात.

मालेगावात यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या मुलांबद्दल मी लिहीत नाही, तो विषय आपण माझ्याहून जास्त जाणता. एक तातडीची गोष्ट मात्र राहते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिक-त्र्यंबकमध्ये रस्ते, घाट, पूल यांची कामं मोठ्या प्रमाणावर चालणार. त्या कामांवर मजुरांची कुटुंबं मुलांसह येणार. प्रत्येक मोठ्या कामाच्या निविदेत पाळणाघर आणि जवळच्या शाळेत मुलं पोहोचवण्याची अट आत्ताच घालता येईल. कामं संपल्यावर ती घालून उपयोग नाही.

स्थलांतरित मुलांच्या दुहेरी हजेरीचा आणि हंगामी शिक्षकांच्या नेमणुकीचा शासन निर्णय दिवाळीच्या सुट्टीआधी निघाला पाहिजे, कारण गाड्या त्यानंतर भरू लागतात. पहिल्या वर्षी फक्त नाशिक जिल्ह्यात करून पाहा. जानेवारीतल्या मोजणीचा आकडा जुलैपेक्षा कितीतरी मोठा येईल आणि त्यावरून आपल्यावर टीका होईल. तो आकडा आपण दडवू नये आणि त्याच्याच आधारे अर्थसंकल्पात पैसे मागावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
नाशिकचा एक रहिवासी