लग्न केव्हा व्हावे?

कोल्हापूरहून नैर्ऋत्येकडे निघालेला रस्ता दाजीपूरच्या दाट रानात शिरण्यापूर्वी राधानगरी हे गाव लागते. गावापासून जवळच भोगावती नदीवर धरण आहे. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, की या धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि ते दृश्य पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु या गावाचे नाव कोठून आले, याची चौकशी करणारे त्यांत थोडेच असतात. राजर्षी शाहू छत्रपतींची कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचा विवाह १९०८ साली देवासचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. त्या मंगल कार्याची आठवण म्हणून महाराजांनी या नव्या वसाहतीला राधानगरी हे नाव दिले. आणि तलावाला राधाबाईंच्या मातोश्री महाराणी लक्ष्मीबाई यांचे.

राधाबाईंचा जन्म १८९४ सालचा. म्हणजे ज्या विवाहाची आठवण हे गाव आजही वागवीत आहे, त्या विवाहातील वधू अवघी चौदा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी त्या आई झाल्या. ज्यांचे नाव तलावाला मिळाले, त्या लक्ष्मीबाई १८९१ साली बोहल्यावर चढल्या, तेव्हा त्यांचे वय अकरा वर्षांच्या आतबाहेर होते आणि वर शाहूराजे सोळा-सतरा वर्षांचे होते. हा पाठ वाचणाऱ्या मुलींपैकी कित्येक जणी आज त्याच वयाच्या असतील. त्या वयात मुली दोरीवरच्या उड्या मारतात, गणिताला भितात, मैत्रिणीशी सकाळी भांडतात व संध्याकाळी गट्टी करतात. त्या काळच्या मुलीही काही वेगळ्या घडणीच्या नव्हत्या.

तेव्हाचे आईबाप निर्दय होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी मुलींच्या शाळा अगदी विरळ होत्या; मुलीने घरकाम शिकावे आणि परक्या घरी जावे, याखेरीज तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणाला दिसत नव्हता. पटकी, देवी, प्लेग यांच्या साथी घरेच्या घरे ओस पाडीत. आपण डोळे मिटण्यापूर्वी मुलीचे हात पिवळे व्हावेत, ही काळजी बापाच्या उशाशी बसलेली असे. आणि या काळजीपेक्षाही मोठा होता लोकांच्या जिभेचा धाक. दहा-बारा वर्षांची मुलगी अविवाहित राहिली, तर तो घराण्याला डाग समजला जाई. रूढी ही अशी गोष्ट आहे की, ती कोणा एकाला मोडता येत नाही आणि प्रत्येक जण दुसऱ्याने आधी मोडावी म्हणून वाट पाहत राहतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे बालपण कोल्हापुरातच गेले. समाजसुधारणेचे एवढे मोठे कैवारी. परंतु १८७३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनाही मान तुकवावी लागली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांनी पत्नीला शिकविले, रमाबाई रानडे मोठ्या कार्यकर्त्या झाल्या, हे खरे. तथापि ज्या गोष्टीला मनाने नकार दिला होता, ती रानड्यांच्या हातून घडली, हेही तितकेच खरे आहे.

या चालीची किंमत मात्र जबर होती. कल्याणची आनंदीबाई जोशी हिचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून तिने वैद्यकी शिकण्याचा निश्चय केला, अमेरिका गाठली, १८८६ साली ती डॉक्टर झाली. आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, क्षयाने तिचा अंत झाला. ज्या देहाची वाढ अजून व्हायची आहे, त्याने दुसरा जीव वाढवावा हे निसर्गाला मानवत नाही. कोवळ्या मातेला रक्तक्षय होतो, बाळ अशक्त जन्मते, प्रसूतीच्या वेळी दोघांच्याही जिवाला धोका असतो. ही गोष्ट आज प्रत्येक आरोग्यकेंद्रात सांगितली जाते. तेव्हा ती घरोघर घडत होती व तिला दैव म्हणत.

परंतु शरीराचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न उरतोच, आणि खरे पाहता तोच सर्वांत मोठा आहे. लग्न ही करण्याची गोष्ट की होण्याची? मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तिचे लग्न झाले.’ ज्याचे लग्न, त्याने ते ‘केले’ असे म्हणता यावयाचे, तर त्याला होय किंवा नाही म्हणण्याइतकी समज व मोकळीक हवी. मुंबईच्या रखमाबाईंनी हाच प्रश्न न्यायालयात उभा केला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले होते; त्या सासरी नांदावयास गेल्या नव्हत्या. १८८४ साली पतीने दावा लावला. समजही नसलेल्या वयात, आपल्या संमतीवाचून जे लग्न झाले, ते आपल्यावर बंधनकारक कसे, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. १८८७ साली न्यायालयाने आज्ञा केली, की पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली! सारा देश या वादाने ढवळून निघाला. अखेर तडजोड झाली; रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णांची सेवा केली.

कायदा या मार्गावर फार सावकाश चालला. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतीचे वय दहावरून बारावर नेले, तर केवढे वादळ उठले! आगरकरांनी सुधारणेची बाजू हिरिरीने मांडली. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, म्हणून टिळकांनी विरोध केला. टिळकांची देशभक्ती वादातीत आहे. या एका वादात मात्र काळाने कौल आगरकरांना दिला. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि मुलीस चौदा व मुलास अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून लग्न लावणे गुन्हा ठरला. देवलांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकातील, म्हाताऱ्याशी लग्न ठरविलेल्या मुलीवरून हे नाव पडले, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. समजूत गोड आहे, पण खरी नव्हे. हे विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून तो ‘सारडा कायदा’. मराठी माणसाने त्याचा ‘शारदा’ केला. पुढे १९४९ साली मुलीचे वय पंधरा झाले आणि १९७८ साली मुलीस अठरा व मुलास एकवीस अशी मर्यादा ठरली. ती आजही तशीच आहे.

मग प्रश्न मिटला म्हणावयाचे काय? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झाले होते. कायद्याने मनाई होऊन इतकी वर्षे लोटली, तरी जवळजवळ पाचांतील एक! हा आकडा वाचून चटकन कोणाला दोष देण्यापूर्वी त्यामागची कारणे पाहिली पाहिजेत.

राधानगरीच्या तलावाचे पाणी खाली भोगावतीच्या खोऱ्यात उतरते आणि त्यावर उसाचे हिरवेगार मळे उभे राहतात. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की ऊस तोडण्यासाठी बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकट्या माणसाचा तो अर्धा कोयता. साहजिकच लग्न झाले म्हणजे उचल वाढते. दुसरीकडे, सहा महिने गाव सोडावयाचे, तर वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर मागे ठेवावी? बरोबर आणावी, तर कोपीला दार नाही, कडी नाही. या दुहेरी पेचात सापडलेला बाप तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकून टाकतो आणि आपण जबाबदारीतून सुटलो असे समजतो. मुलीची वही मिटते, हाती कोयता येतो. ज्या साखरेने सर्वांचा चहा गोड होतो, तिच्यात ही कडवट गोष्टही मिसळलेली आहे.

अशा बापाला केवळ कायद्याचे कलम वाचून दाखविणे म्हणजे तहानेल्याला विहिरीचा नकाशा देण्यासारखे आहे. त्याला हवे आहे गावातच मुलीला सुरक्षित राहता येईल असे वसतिगृह, आठवीपुढची जवळची शाळा, आणि पुरेशी मजुरी. ज्या ठिकाणी हंगामी वसतिगृहे नीट चालतात, तेथे मुली मागे राहून शिकू शकतात. शाळा आणि लग्न यांचे नाते व्यस्त आहे. शाळा जितकी दूर, तितके लग्न जवळ. डोंगरकपारीच्या वाड्यांतून पावसापाण्यात दोन कोस चालत जाणाऱ्या मुलीला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही.

मुलग्यांनीही हा विषय आपला नव्हे असे समजू नये. लवकर लग्न झालेल्या मुलाचेही शिक्षण सुटते. हातात कसब नाही, मिळकत नाही आणि डोक्यावर संसार, अशी त्याची गत होते. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ या म्हणीला आपण हसतो. पण अनेकदा नवरा उतावळा नसतोच, बाशिंग बांधणारे हात दुसऱ्यांचे असतात.

मुलीचेही वय एकवीस करावे, म्हणजे स्त्री-पुरुष समान होतील, असे विधेयक २०२१ च्या डिसेंबरात लोकसभेत आले. ते समितीकडे गेले आणि २०२४ साली त्या लोकसभेची मुदत संपल्यावर आपोआप रद्द झाले. समानतेचा विचार योग्यच आहे. वधू वरापेक्षा लहानच असावी, या जुन्या समजुतीखेरीज तीन वर्षांच्या अंतराला काय आधार आहे, हे सांगणे कठीण. परंतु जेथे अठराची मर्यादाच पाळली जात नाही, तेथे पाटीवरचा आकडा पुसून दुसरा लिहिल्याने फारसे साधणार नाही. शिवाय अठरा म्हणजे काही मुहूर्त नव्हे. अठरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी मांडव घातला, तर कायदा गप्प बसेल. पण त्या मुलीचे शिक्षण पुरे झाले का, स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे बळ तिला आले का, आणि मुख्य म्हणजे तिला विचारले का, हे प्रश्न गप्प बसत नाहीत. कोणी तिशीत लग्न करील, कोणी मुळीच करणार नाही. जाणत्या माणसाचा तो अधिकार आहे आणि त्याबद्दल शेजाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही.

अजाण वयात लग्न ठरत असेल, तर ते थांबविण्याची सोय आज आहे. १०९८ या क्रमांकावर कोणीही, लहान मुलेसुद्धा, फुकट दूरध्वनी करू शकतात. गावोगावी बालविवाह रोखणारे अधिकारी नेमलेले असतात. २००६ सालच्या कायद्याने लग्न लावणाऱ्यांस दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे; आणि बालपणी झालेले लग्न सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलीला वा मुलाला आहे. रखमाबाईंना जे मिळाले नाही, ते आज मागता येते.

छत्रपतींच्या घरातील आणखी एक हकीकत येथे सांगावयास हवी. महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी यांचा विवाह १९१७ साली सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमती यांच्याशी झाला. वधूला अकरावे वर्ष चालू होते. एकाच वर्षाने, १९१८ च्या जूनमध्ये, शिकारीत अपघात होऊन शिवाजीराजे वारले. बारा वर्षेही पुरी न झालेली सून विधवा झाली. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला अंधारी खोली आणि जपमाळ यायची. महाराजांचे काळीज पुत्रशोकाने पोळले होते. तरी त्यांनी राजवाड्यातील विरोध पत्करला, इंदुमतींना सोनतळी येथे ठेवले आणि त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. आपल्याच घरात घडलेल्या चुकीची दुरुस्ती त्यांनी पाटी-पुस्तकाने आरंभिली. १९२२ साली महाराज निवर्तले, पण सुनेचा अभ्यास थांबला नाही. पुढे कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभारणाऱ्या इंदुमती राणीसाहेब त्या ह्याच. १९२५ साली त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तेव्हा त्यांचे वय होते अठरा.