बाणाचा रंग आणि बाणाची गति

गेल्या वार्षिक प्रदर्शनांत हस्तकलेच्या दालनामध्यें विद्यार्थ्यांनीं स्वतः तयार केलेले बाण मांडले होते. त्यांतील एक बाण असा होता, कीं येणाऱ्या प्रत्येकाची दृष्टि प्रथम त्याकडेच वळे. पिसांखालीं गडद निळा रंग, तो फिकट होत होत जांभळ्यांत विरून गेलेला, आणि त्यावर बारीक सोनेरी वलयें. हें काम एअरब्रशनें केलेलें होतें. परीक्षक आम्हीच होतों आणि आम्हींच त्यास पहिलें बक्षीस दिलें. दुसऱ्या दिवशीं मैदानावर तो बाण सोडून पाहिला, तेव्हां तो वाटेंतच डुलूं लागला व लक्ष्याच्या बाजूस गवतांत जाऊन पडला. त्याच्या शेजारीं मांडलेला, दोन साध्या तांबड्या पट्ट्यांचा बाण मात्र सरळ जाऊन लक्ष्यांत रुतला. त्याच्या कर्त्यास आम्हीं कौतुकाचा एक शब्दही दिला नव्हता. ही चूक आमची होती. ती कबूल करून त्यापासून घ्यावयाचा बोध विद्यार्थी व पालक यांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा प्रकार पाहून कांहीं पालकांनीं असें मत दिलें, कीं यंत्रानें रंगविलेल्या वस्तूस हस्तकला म्हणूंच नये. हें मत आम्हांस मान्य नाहीं. एअरब्रश म्हणजे लेखणीसारखें हातांत धरावयाचें व दाबाच्या हवेनें रंगाचे सूक्ष्म तुषार उडविणारें साधन होय. अमेरिकेंत फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यांनीं 1876 सालीं अशा साधनाचें पेटंट घेतलें. आज प्रचारांत असलेल्या एका प्रकारांत खटका खालीं दाबला म्हणजे हवा सुटते व मागें ओढला म्हणजे रंग सुटतो. बोट किंचित् चुकलें, तर रंगाचा ओघळ खालीं येतो. हात क्षणभर थबकला, तर तेथें डाग पडतो. ज्यानें हें साधन एकदां हातीं धरलें आहे, तो त्यास आयत्या कामाचें साधन कधींही म्हणणार नाहीं. दोष एअरब्रशचा नव्हता.

बाण रंगविणें हा निव्वळ छंदीपणा आहे, असेंही समजूं नये. जागतिक धनुर्विद्या महासंघाच्या नियमांप्रमाणें स्पर्धकाच्या बाणांवर त्याचें नांव किंवा आद्याक्षरें असावीं लागतात, आणि एका फेरींत सोडावयाच्या बाणांचीं पिसें, खाचा व रंगाचे पट्टे एकसारखे असावे लागतात. 2023 सालीं बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनीं जगज्जेतेपद मिळविलें. अशा थोर स्पर्धांतील बाणही या नियमास अपवाद नसतात. शिवाय भडक रंगाचा बाण गवतांत लवकर सांपडतो. तीन पिसांपैकीं एक निराळ्या रंगाचें असलें, म्हणजे बाण दोरीवर कसा लावावा हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. सारांश, रंग ही बाणाची ओळख आहे, आणि ओळख असणें हें उपयोगाचें आहे.

परंतु रंगासही वजन असतें, ही गोष्ट आम्ही विसरलों होतों. बाणाचा तोल टोंकाकडे असावा लागतो. मागील भागावर थरांमागून थर चढविले, कीं तो तोल मागें सरकतो. रंग आणि डिंक यांचें जुळलें नाहीं, तर पिसें सुटून येतात. आणि दांडीच वांकडी असेल, तर कोणताही रंग तिला सरळ करूं शकत नाहीं. तो केवळ तिचा वांकडेपणा झांकतो.

हा मोह नवा नाहीं. रॉजर अ‍ॅस्कम या इंग्लिश विद्वानानें 1545 सालीं धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें तो राजकन्या इलिझाबेथ हिचा शिक्षक झाला. मोराचें पीस दिसावयास सुंदर, पण जड व राठ. म्हणून शोभेसाठीं तें घेणाऱ्या पुष्कळांनीं उपयोगासाठीं तें पुन्हां टाकून दिलें, असें त्यानें नमूद केलें आहे. मोराच्या पिसाची जागा आज एअरब्रशनें घेतली आहे, इतकेंच.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, क्रम सोडूं नका. प्रथम बांबूची किंवा लांकडाची दांडी शेकून हातानें सरळ करा. ती कांचेवर घरंगळवून पाहा. थरथरली, तर पुन्हां शेका. मग ओल शिरूं नये म्हणून तीवर पातळ रोगण द्या. त्यानंतर रंग. तोही फक्त पिसांजवळच्या भागावर, पातळ करून, पहिला थर वाळल्यावरच दुसरा. खिडक्या उघड्या ठेवा आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधा. कारण ते तुषार श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. काम संपतांच एअरब्रश स्वच्छ धुवा. मळलेलें साधन ठेवून देणारा कारागीर दुसऱ्या दिवशीं स्वतःचाच वेळ गमावतो.

पालकवर्गासही एक विनंति आहे. मुलाचा बाण सुबक दिसावा म्हणून त्याच्या हातांतून एअरब्रश काढून घेऊं नका. त्यानें स्वतः पाडलेला ओघळ त्यास जें शिकवील, तें आपण काढलेलें निर्दोष वलय शिकविणार नाहीं.

येत्या प्रदर्शनांत प्रत्येक बाण प्रथम कांचेवर घरंगळविला जाईल, नंतर मैदानावर सोडला जाईल, आणि सर्वांत शेवटीं त्याचा रंग पाहिला जाईल, असें आम्हीं ठरविलें आहे. साध्या तांबड्या पट्ट्यांचा तो बाण आम्हीं त्याच्या कर्त्याकडून मागून घेतला असून तो दालनाच्या दाराशीं ठेवणार आहों. तो विद्यार्थ्यांकरितां नाहीं. परीक्षकांच्या नजरेस पडावा म्हणून आहे.