मुस्तफा घरी यायला हवा

अकोला असो की अमरावती, नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या दुकानात एक आरोळी हमखास ऐकू यायची, ‘मुस्तफा माहा बे!’ पिवळ्या टोपीचा हा गडी सगळ्यांनाच हवा असायचा. जॉयस्टिक पुढे दोनदा झटकून बटण दाबलं की तो धावत जाऊन अशी लाथ हाणायचा, की समोरचे गुंड आडवे. चहूकडून घेरलं गेलं तर दोन्ही बटणं एकदम दाबायची. घेराव फुटायचा, पण आपलंही थोडं लाइफ जायचं. ते कधी खर्चायचं, हे मागे उभे असलेले अनोळखी पोट्टेसुद्धा हक्कानं सांगायचे.

या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो 1993 मध्ये काढला. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकी कॉमिक्सवर तो बेतलेला आहे आणि घोडं इथंच पेंड खातं. 2018 मध्ये कॅपकॉमनं मारधाडीचे सात जुने खेळ एकत्र करून घरच्या कन्सोलसाठी आणले. त्यात ‘फायनल फाइट’ आहे, ‘कॅप्टन कमांडो’ आहे, पण मुस्तफा नाही. त्यातले बहुतेक खेळ कंपनीच्या घरचे. हा विकायचा तर कॉमिक्सच्या हक्कदाराची परवानगी हवी.

असे संच मला फार मोलाचे वाटतात. दुकानं बंद झाली, मशीन भंगारात गेली. संचातला खेळ मात्र टिकतो आणि पुण्यात नोकरीला गेलेला भाऊ अकोल्यातल्या दोस्तासोबत ऑनलाइन खेळू शकतो. कॉम्प्युटरवर नक्कल फुकट मिळते हे खरं, पण ती नीट चालावी, पुढच्या कन्सोलवरही यावी, याची जबाबदारी कुणावरच नसते.

परवान्याचा तिढा सुटतच नाही, असंही नाही. मार्व्हलच्या पात्रावरचा ‘द पनिशर’ हाही कॅपकॉमचा 1993 चाच खेळ. कित्येक वर्षं अडकून पडलेला हा खेळ 2024 मध्ये मार्व्हलच्या खेळांच्या संचातून रीतसर कन्सोलवर आला. मग मुस्तफासाठीही बोलणी व्हायला काय हरकत आहे? त्याच्यासाठी पैसे मोजणारं गिऱ्हाईक वऱ्हाडातल्या घराघरात आहे. ते कंपनीच्या कानावर घालणं आता आपलं काम आहे.